दुखणं बोंबीपाशीच होतं

२०२२ साल. मला बासष्टावं लागलं होतं आणि मी अजून फुटबॉल खेळत होतो. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर वाचणारा म्हणेल, बुढा माणूस, पोट दुखलं असेल, कापलं असेल, त्यात लिहिण्यासारखं काय. बुढा मी केसांनी होतो. पायांनी नव्हतो. खालच्या टोलीचा, म्हणजे गावाच्या खालच्या वस्तीचा, बॅक मीच होतो, आणि माझ्या मागे गोलात आडकू उभा राहायचा.

आज पुन्हा हलक्या, म्हणजे लवकर येणाऱ्या, धानाची कापणी लागली आहे. सकाळी अंगणात बसलो की बांधीकडून, म्हणजे धानाच्या शेताकडून, वास येतो. ज्यानं धान कापलं नाही त्याला तो समजावता येत नाही. ओल्या तणसाचा, थोडा चिखलाचा, थोडा दुधासारखा. आता कापायला हार्वेस्टर येतं, त्याच्या धुरानं वास अर्धा मरतो, पण अर्धा तरी उरतोच. साऱ्या गावाला या वासानं भूक लागते. मला लागत नाही. हा वास आला की माझ्या पोटाच्या उजव्या अंगाला, जिथे चिरा आहे, तिथे आतून कोणी चिमटा घेतं आणि जिभेवर औषधाची कडू चव येते. डॉक्टर म्हणतील, असं काही नसतं. नसेल. पोट माझं आहे.

आमचं गाव नाकाडोंगरीच्या अंगाचं. या पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत, आणि खाणीच्या कॉलनीत फुटबॉल असतोच. मी चौथीतून शाळा सोडली. माझा बाप म्हणायचा, पोट्ट्यानं फुटबॉलसाठी सोडली. खरं होतं. खाणीतल्या कामगारांचा खेळ संपला की आम्हाला बॉल मिळायचा, तोपर्यंत आम्ही लाल मातीत बसून राहायचो. आडकू तेव्हापासूनचा सोबती. त्याला पळणं जमत नव्हतं, म्हणून गोलात उभा केला, आणि मग आयुष्यभर तिथेच राहिला. हात सुपासारखे. बॉल आला की आवाज व्हायचा नाही. दुसऱ्या गोलकीच्या हातात बॉल थाडकन बसतो, आडकूच्या हातात तो पोत्यात धान पडावं तसा पडायचा.

दिवाळीनंतर आमच्याकडे गावागावाची मंडई, म्हणजे जत्रा, असते. ज्याचा त्याचा दिवस वेगळा. लेकी माहेरी येतात, पाहुणे येतात, रात्रभर नाटक चालतं. आमच्या गावात मंडईच्या दिवशी दुपारी वरची टोली आणि खालची टोली यांची मॅच होते, कापून रिकाम्या झालेल्या बांधीत. दोन बांध्यांच्या मधला धुरा, म्हणजे बांध, कुदळीनं फोडून जागा एक करतात आणि रोवणीच्या आधी तोच धुरा पुन्हा घालतात. ज्याची बांधी त्याला विचारावं लागत नाही. आणि एक नियम असा आहे की दोन्हीकडून दोन-दोन पिकल्या केसांचे खेळलेच पाहिजेत. कोणी काढला माहीत नाही. खालच्या टोलीचे पिकले केस म्हणजे मी आणि आडकू. पोट्टे आम्हाला हसायचे आणि आमच्या भरवशावर पुढे पळायचे.

गोलात बॉल धरणाऱ्या त्याच हातांनी आडकू बोंबी, म्हणजे बेंबी, बसवायचा. बाहेरच्या माणसाला सांगावं लागेल. जड उचललं, पाय घसरला, उडी मारली की पोटातली बोंबी जागेवरून सरकते आणि पोट दुखतं, असं आमच्याकडे मानतात. मग जाणता माणूस रिकाम्या पोटी निजवतो, बोंबीतला ठोका बोटांनी पाहतो आणि तेल लावून चोळून ती जागेवर आणतो. आडकूला हे त्याच्या आईनं दिलं होतं. तो कोणाकडून काही घेत नसे. सकाळी त्याच्या अंगणात बायका लेकरं घेऊन बसलेल्या असत, तो दात घासत बाहेर येई आणि म्हणे, "काय गर्दी आहे वो, कलेक्टरचं हापिस झालं माहं घर."

माझं दुखणं बांधीतच सुरू झालं. धानाचा भारा डोक्यावर घेतला आणि बोंबीपाशी कोणी दोरी आवळल्यासारखं झालं. भारा टाकला नाही. दिवसभर काम केलं, कोणाला बोललो नाही, रात्री जेवलो नाही. सकाळी उलटी झाली तेव्हा माझी बायको पारबता हिनं आडकूला निरोप धाडला. तिनं धाडायलाच पाहिजे होता. पोट दुखलं की आमच्या गावात आडकू यायचा, डोकं दुखलं तर गोळी आणायचे.

आडकू आला तो हसतच आला.

"काय बे शालिक, वरच्या टोलीच्या भेवानं आतापासूनच पोट दुखून राहिलं का?"

"हास लेका. इथं जीव चालला."

"कुठं दुखते?"

मी बोंबीवर बोट ठेवलं. नंतर जरा उजवीकडे सरकवलं, कारण सकाळपासून ते तिकडे उतरत होतं.

"बोंबी सरकली का दुखणं बी सरकते," तो म्हणाला. तीन बोटं बोंबीत रुतवून त्यानं डोळे मिटले. "ठोका जागेवर नाही. भारा उचलला होता ना?"

"उचलला."

"मंग?"

मंग काही नव्हतं. सगळं जुळत होतं. भारा उचलला होता, दुखणं बोंबीपाशी सुरू झालं होतं, ठोका सरकलेला होता. शिकलेला माणूस आता मला म्हणतो की ते अपेंडिक्स होतं, पहिले बोंबीपाशी दुखतं आणि मग उजवीकडे उतरतं, पुस्तकातच लिहिलं आहे. असेल लिहिलेलं. पण माणसानं दुखतं तिथेच पाहायचं ना? दुखण्यानं खोटा पत्ता सांगितला आणि आडकू त्या पत्त्यावर गेला. मी हजार वेळा हा विचार केला आहे आणि दर वेळी मला तेच पटतं.

त्यानं तेल कोमट केलं, हात लावला. मी बांधीत काट्यावर पडलो आहे, माझ्यावर मोठे मोठे गडी कोसळले आहेत, पण तसं दुखणं कधी पाहिलं नव्हतं. मी दातात पंचा धरला. आडकूच्या कपाळावरचा घाम माझ्या छातीवर टपकत होता. आणि मग एकदम थंड पडलं. जसं कोणी दिवा मालवला. मी डोळे उघडले, हसलो. पारबतानं हात जोडले. आडकू भिंतीला टेकून बसला आणि म्हणाला, "बसली. आता मंडईले गोल मी पायतो, तू फक्त पाय चालव." मी चहा प्यालो. अंगणात चार पावलं चालूनही दाखवलं.

ते थंड पडणं म्हणजे आतली पिशवी फुटली होती. फुटली म्हणून ताण गेला, ताण गेला म्हणून बरं वाटलं. माणसाला बरं वाटतं तेव्हाच तो सगळ्यात जास्त मरायला टेकलेला असू शकतो, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. तेव्हापासून मला एकदम बरं वाटलं की मी घाबरतो.

दुपार उलटेपर्यंत अंग थरथरायला लागलं आणि पोट पाटासारखं कडक झालं. पोरगा विलास शेतातून आला, माझ्या पोटाला हात लावला आणि काही न बोलता गाडी पाहायला पळाला. भंडाऱ्याच्या रस्त्यावर दोन्ही बाजूला कापलेलं धान आडवं पडलं होतं. गाडीच्या प्रत्येक धक्क्याला मी रस्ता करणाऱ्याच्या घरादाराला शिव्या दिल्या. नंतर शिव्याही सुचेनात.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी माझ्या पोटावर टॉर्च धरला. तेल अजून चमकत होतं.

"पोट कोणी चोळलं?"

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग हे तेल?"

"मीच लावलं. अंग फुटते थंडीनं."

विलास मागून बोलला, "आडकूकाकानं चोळलं मॅडम. बोंबी बसवतो म्हणे."

त्या बाईंनी टॉर्च बंद केला. आवाज चढवला नाही. "आत फुटलंय. चोळलं नसतं तर कदाचित..." एवढं बोलून त्या नर्सला हाका मारायला लागल्या. ते वाक्य त्यांनी अर्धं टाकलं होतं. माझ्या पोरानं ते उचललं, स्वतःच्या मनानं पुरं केलं आणि गावात नेलं.

पोट कापल्यानंतरचे दवाखान्याचे दिवस मला सलग आठवत नाहीत. पोटातून निघालेली एक नळी आणि तिच्या टोकाची पिशवी आठवते, त्यात घाण पाण्यासारखं काही उतरायचं. फिनाइलचा वास आठवतो, आणि खोकला आला की दोन्ही हातांनी पोट धरून कण्हणं. शेजारच्या खाटेवर करडीकडचा एक म्हातारा होता, बैलानं मारलेला. तो रोज सकाळी नर्सला विचारायचा, "बाई, आमचं धान कापलं का?" नर्स म्हणायची, कापलं आजोबा. तो म्हणायचा, "मंग ठीक." एका सकाळी कोणी विचारलं नाही. पाहिलं तर खाटेवरची गादी गुंडाळून ठेवलेली. मी भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपणही असेच गुंडाळले जाऊ, आणि आपल्या बांधीत मॅच होईल, आणि वरची टोली जिंकेल.

आडकू दवाखान्यात आला होता. मला दिसला नाही, पण आवाज आला.

"विलास, एक डाव पाहून जातो फक्त. दुरून."

"काका, तुमी जा. आता कोणाची बोंबी बसवाले आले?"

"तसं नाही रे बापू..."

"जा म्हणतो ना. मी काही बोलून जाईन."

मी हाक मारायला गेलो. हाक मारायला पोट लागतं हे तेव्हा कळलं. तोंड उघडलं आणि हवा निघाली, बस. बाहेर चपलांचा आवाज दूर गेला. मी विलासशी त्यानंतर बरेच दिवस बोललो नाही. तो समजला औषधानं मी गप्प आहे.

घरी आलो तेव्हा भारी, उशिरा येणारं धानही पिवळं पडलं होतं. घराघरात नवा तांदूळ शिजत होता. नव्या तांदळाची वाफ चारही बाजूंनी यायची आणि माझ्या ताटात ज्वारीची कोरडी भाकर. डॉक्टरीण बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं की मऊ भात-वरण द्या. पारबताचं म्हणणं वेगळं होतं.

"भातानं टाके ओले राह्यतेत. आमच्या मामाचे असेच पिकले होते."

"डॉक्टरनं सांगतलं भात दे."

"डॉक्टर गेला घरी. टाके माह्या घरात आहेत."

मी साऱ्या गावाशी भांडलो असेन, पण तिच्या चुलीपुढे माझं चालत नाही. जन्मभर धान पिकवलेला माणूस, दारात धानाच्या भाऱ्यांचं पुंजणं रचलेलं, आणि मी भाकर चहात बुडवून चावतो आहे. तिनं ती भाकर प्रेमानंच केली होती. आडकूनंही तेल प्रेमानंच कोमट केलं होतं. मी अंगानं वाळत गेलो. पायजम्याची नाडी दोनदा फिरवून बांधायला लागली.

अंगणात खाट टाकून बसलं की गावातलं कानावर येई. आडकूचं अंगण रिकामं पडलं होतं. ज्या बाया पहाटे लेकरं घेऊन बसायच्या, त्या आता त्याच्या दारावरून पदर ओढून जात. लेकराचं पोट दुखलं तर दोन गावं ओलांडून दुसऱ्या बोंबीवाल्याकडे नेत, दवाखान्यात नाही. म्हणजे बोंबीवरचा विश्वास कोणाचा उडाला नव्हता. आडकूवरचा उडाला होता. एकदा चौकात पोट्टे बॉल खेळत होते, बॉल आडकूकडे गेला. तो अडवायला वाकला तसा एक जण ओरडला, "हळू हात लावा बा, फुटन!" सगळे हसले. हे मला पारबतानं सांगितलं. सांगताना तीही थोडी हसली. मग माझं तोंड पाहून आत गेली.

मी आडकूला निरोप धाडला, ये म्हणून. आला नाही. दुसरा धाडला. तोही तसाच परत आला. तेव्हा मी ठरवलं. मंडईत मी खेळणार. माझ्यासाठी मी पुढच्या वर्षी खेळलो असतो, मला कोणती घाई होती. पण मी बांधीत उभा दिसलो की गावाला कळेल की शालिक जिवंत आहे, आडकूनं कोणाला मारलेलं नाही. आणि आडकू गोलात दिसला पाहिजे, माझ्या मागे. असे दोघं दिसलो की तोंडं बंद होतील. मला दुसरा उपाय माहीत नव्हता. मला फुटबॉलच येतो.

डॉक्टरीण बाईंनी सांगितलं होतं, तीन महिने काही उचलायचं नाही, खेळ तर बिलकुल नाही, आतले टाके कच्चे आहेत. मी मान हलवली होती. सकाळी पोटावर तळहात ठेवून धुऱ्यावरून चालायचो. पहिल्या दिवशी अर्ध्या बांधीत बसलो. मग एक बांधी, मग बोडीपर्यंत, जिथे आमचं पाणी साठतं. मग मातीची ढेकळं पायानं उडवून पाहिली. पाय माझेच होते, त्यांना काही झालं नव्हतं. भानगड वेगळीच निघाली. एकदा समोरून वासरू उधळत आलं आणि माझे दोन्ही हात आपोआप पोटावर गेले. बॅकवर खेळणाऱ्यानं अंगावर येणाऱ्याला छाती दाखवायची असते. मी पोट झाकून वळलो होतो. वासरू निघून गेलं, मी कितीतरी वेळ तसाच उभा. दुखलं काहीच नव्हतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मी अंगावर येणाऱ्याला भ्यालो होतो, आणि हे मी कोणाला सांगितलं नाही. इथे लिहितो आहे तेवढंच.

मंडईच्या दोन दिवस आधी मी स्वतः आडकूच्या घरी गेलो. तो पडवीत बसला होता, थंडी नव्हती तरी घोंगडं पांघरून. हात आत.

"बसू का, का उभाच राहू?" मी म्हणालो.

"बस ना लेका. खाट आहे."

"निरोप धाडला तर येत नाहीस. मोठा माणूस झाला का?"

त्यानं घोंगडं आणखी ओढून घेतलं. त्याच्या चुलीवर भात होता, वास येत होता. मी म्हणालो, "मंडईले खेळून राहिलो मी. तू गोलात."

"बयाड आहेस का बे? पोट फाटन तुहं."

"फाटन तर फाटन. गोलात तू पाह्यजे."

"शालिक," तो खाली पाहत म्हणाला, "माह्या हाताखाली फुटलं ते. मले समजलं होतं. काहीतरी सुटल्यासारखं लागलं बोटाले. मले वाटलं, बसली."

"मले बी तसंच वाटलं."

"तुले वाटणं वेगळं. हात माहे होते."

"अना पोट माहं होतं. मी काही बोललो का तुले?"

"तू नाही बोलत म्हणूनच तं..." तो थांबला. मग म्हणाला, "मी आता जेवतो ना, तं चमच्यानं जेवतो. हात नाही लागत अन्नाले."

मी उठलो. मला रागच आला. कोणावर ते सांगता येत नाही. दारातून म्हणालो, "दुपारी दोन वाजता बॉल टाकतील. म्या तुह्यासाठी जागा धरली आहे." त्यानं मान वर केली नाही.

आडकू आता नाही. गेल्या उन्हाळ्यात झोपेतच गेला. त्या हंगामानंतर त्यानं कोणाच्या पोटाला बोट लावलं नाही, स्वतःच्या नातवाच्याही नाही. तिरडी बांधताना त्याचे हात चादरीत गुंडाळले होते. मी म्हणालो, हात बाहेर काढा. लोक म्हणाले, असं नसते शालिकभाऊ. मी म्हणालो, असं असते. काढले. सुपासारखे हात, पण वाळलेले, बोटं आत वळलेली. जाळेपर्यंत मी ते झाकू दिले नाहीत.

त्या वर्षी मंडईच्या दिवशी विलासनं मला समजावलं, मग माझ्यावर ओरडला, मग रडवेला झाला. मी पोटाला पंचा घट्ट आवळून बांधला आणि बांधीत उतरलो. चारही धुऱ्यांवर माणसं, माहेरी आलेल्या लेकी, पाहुणे, भज्यांचा धूर. मी उतरलो तेव्हा टाळ्या वाजल्या. गोलात एक पोरगा उभा होता. पिकल्या केसाचा दुसरा माणूस म्हणून टोलीनं कोणाला तरी ओढून आणलं होतं, तो एका कोपऱ्यात उभा राहून विडी ओढत होता. आडकू नव्हता. मी मागे वळून वळून पाहत होतो. बॅकनं मागे पाहायचं नसतं.

पहिला अर्धा वेळ निभावला. पाय आठवणीनं चालतात. कापलेल्या धानाची ठुटं तळव्याला टोचत होती, ते टोचणंही बरं वाटत होतं. मग वरच्या टोलीचा एक गडी बॉल घेऊन सरळ अंगावर आला. मी ठरवलं, हात पोटावर नेणार नाही. नेले नाहीत. छाती दिली. तो माझ्यावर येऊन आदळला, त्याचा गुडघा नेमका तिथेच लागला. आत काहीतरी उसवल्याचं मला जाणवलं. मोठा आवाज झाल्यावर होतं तसं सगळं गप्प झालं. मी ढेकळात उताणा पडलो होतो, आणि वर आभाळ निळं, एवढं निळं की राग यावा.

माणसं धावली. विलास सगळ्यांच्या पुढे. आणि पुंजण्याच्या आडून, जिथे तो कोण जाणे कधीपासून उभा होता, आडकू धावत आला. त्याला पळता येत नव्हतं, तरी पळाला, घोंगडं वाटेतच पडलं. माझ्यापासून चार हातांवर येऊन थांबला. आणि त्यानं दोन्ही हात पाठीमागे नेले.

मला सगळे हात लावत होते. कोणी डोकं धरत होतं, कोणी पाय, कोणी पाणी पाजत होतं. आडकू उभा होता आणि त्याचे ओठ हलत होते.

"आडकू," मी म्हणालो, "उचल मले."

त्यानं मान हलवली.

"उचल म्हणतो ना बे!"

सारा गाव पाहत होता. तो तसाच हात मागे बांधून एक एक पाऊल मागे सरकला आणि गर्दीत गेला. मला बाकीच्यांनी उभं केलं. मी बाहेर गेलो नाही. पंचा पुन्हा आवळला आणि मॅच संपेपर्यंत उभा राहिलो, एका जागी, खुंट्यासारखा. आम्ही हरलो. पोट्ट्यांनी मला खांद्यावर घेतलं, मी शिव्या देऊन उतरलो. ज्यासाठी बांधीत उतरलो होतो ते झालं नव्हतं. उलट आता सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं की आडकू स्वतःच स्वतःच्या हाताला भितो.

रात्री नाटकाचा आवाज येत होता आणि माझ्या चिऱ्यापाशी लिंबाएवढा उंचवटा आला होता. तो अजून आहे. डॉक्टर म्हणतात आतडं बाहेर येतं, पुन्हा कापावं लागेल. मी पट्टा बांधतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारबता उठायच्या आत मी बाहेर पडलो. टोलीचा बॉल विलासच्या खोलीत असतो, तो काखेत घेतला. मंडईचा कचरा रस्ताभर पडला होता, पत्रावळी, फुटके फुगे. आडकू त्याच्या रिकाम्या अंगणात दात घासून उभा होता, मला पाहिलं आणि हात घोंगड्यात घेतले. मी पाच-सहा पावलांवरून बॉल त्याच्या छातीवर फेकला. तो आदळून खाली पडला, माझ्याकडे घरंगळत आला. मी वाकलो. उंचवट्यात सुरी फिरली, डोळ्यापुढे काळं आलं, पण उचलला. पुन्हा फेकला. पुन्हा खाली. पुन्हा वाकलो.

"नको शालिक," तो म्हणाला, "वाकू नको."

मी फेकला. तो पडला. मी एक हात पोटावर दाबला आणि गुडघे मोडून खाली जायला लागलो.

"अबे वाकू नको ना! फाटन!"

घोंगडं खांद्यावरून गळालं. माझ्या आधी तो वाकला, आणि दोन्ही हातांनी त्यानं बॉल उचलून धरला. मी सरळ झालो, दोन पावलं मागे गेलो आणि म्हणालो, "दे इकडं."